मेजाजवळ सुगंध नको

शिरोड्याच्या रिसॉर्टात, मार्चमधल्या एका शनिवारी
मी लांब मेजावर पांढरी चादर अंथरली.
रंग पांढऱ्यावरच बघायचा असतो म्हणे.
दिंडोरीहून बोरस्ते सर आले,
बरोबर नऊ बाटल्या, एक थर्मामीटर,
आणि माझ्या केसांकडे बघून हळूच म्हणाले,
"ताई, राग मानू नका.
मेजाजवळ सुगंध चालत नाही."

सुरंगीचा वळेसर होता.
आईने पहाटे कळ्या असतानाच ओवलेला,
आता माझ्या मानेवर पुरता उमललेला.
मी तो काढला, केळीच्या पानात गुंडाळला
आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात
मिळाली तेवढ्या जागेत ठेवला,
पाचव्या नंबरच्या बाटलीला टेकून.

पेला पायाला धरावा, पोटाला नाही;
हाताची ऊब लागली की वाइन सैल बोलायला लागते.
फिरवायचा तो मेजावर टेकवूनच.
गडहिंग्लजच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी
हवेत फिरवला, आणि चादरीवर
जांभळा डाग पसरला, बेटासारखा.
मी त्यावर आमच्या आगरातलं जाडं मीठ टाकलं.
डाग गेला नाही. मीठ मात्र गुलाबी झालं.

"नाक आत घाला, लाजू नका."
कुणाला ओली माती आली, कुणाला लिंबाची साल.
पोस्टमास्तरांच्या बायकोला
वारलेल्या सासऱ्यांचं कपाट आलं,
आणि ती एकदम गप्प झाली.
सर म्हणाले, "इथे चूक असं काही नसतं.
फक्त सगळ्यांचं हुंगून होईपर्यंत
आपलं उत्तर मोठ्याने बोलू नये."

मग घोट. तोंडात धरायचा,
ओठांच्या फटीतून हवा ओढायची, सुर्रर्र.
असा आवाज केला म्हणून
लहानपणी मी ताटावर धपाटा खाल्लाय.
आणि मग वाकून, बारीक धार धरून, डब्यात थुंकायचं.
डबा धरायला मी.
"पैसे भरून थुंकायचं?" पोस्टमास्तरांनी विचारलं
आणि गिळून टाकलं, चारही वेळा.

माझे बाबा माडावरून उतरायचे
ते कमरेचा कोयता सोडायच्याही आधी
मडक्यात बोट बुडवून
पहिला थेंब जमिनीवर उडवायचे.
तो राखणदाराचा.
मग हुंगायचे. म्हणायचे,
"ही खाजणाकडच्या माडाची. मुळाक खारा लागलाहा."
पांढरी चादर नव्हती. करवंटी होती.
थुंकताना त्यांना कधी बघितलं नाही,
आणि तोल गेलेलेही
एकदाच.

पाचवी बाटली मीच ओतली.
सरांनी पेला नाकाशी नेला
आणि तिथेच थांबले.
"यात एक फूल आहे.
जाई नाही. मोगराही नाही.
मधासारखं, पण मध नाही.
नाव येत नाही मला. लिहून घ्या, अनोळखी फूल."
आठ पेनं कागदावर चालली.
मला नाव येत होतं.
पण सगळ्यांचं हुंगून व्हायचं होतं अजून,
आणि माझ्या हातात डबा होता.

नंतर ते पाण्याची बाटली शोधत स्वयंपाकघरात आले,
फ्रिज उघडला आणि
बराच वेळ दार धरून उभे राहिले.
गार हवा माझ्या पायांपर्यंत आली.
माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत.
बाहेर जाऊन कुणाचा कागदही दुरुस्त केला नाही.

संध्याकाळी मी डबा घेऊन मागच्या माडाशी गेले.
आठ जणांची थुंकी, नऊ बाटल्यांचे घोट,
त्यात पोस्टमास्तरांचा काहीच वाटा नाही.
ओतण्याआधी उगाच
बोट बुडवावंसं वाटलं. नाही बुडवलं.
उष्टं आहे, राखणदाराला कसं चालेल.
आडव्या हाताने सगळं मुळात ओतलं
आणि वर बघितलं. माड हलला, वाऱ्यानेच.

घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर
उद्याच्या कळ्यांसाठी दोरा सोडवत होती.
मान वर न करता म्हणाली,
"वळेसर खंय गो?"
"फ्रिजात रवलो."